वहीतला पाण्याचा हिशेब

(पडद्यावर: दोनशे पानी वही, कोपरे दुमडलेले. एक बोट ओळींवरून फिरतंय.)

ही वही शाळेची नाही. वर 'विषय' छापलंय, त्यापुढे बॉलपेनने लिहिलंय, 'लघवी'. आत तारखा, आणि दर तारखेपुढे अधिकची चिन्हं. कधी एक, कधी तीन. चार असतील तिथे पेन जोरात दाबलेलं दिसतं, मागच्या पानावर वळ उठलेत.

सोलापूर जिल्ह्यातलं गाव. घराच्या तिन्ही अंगांना डाळिंब. मुलगा तीन वर्षांचा होता, एका सकाळी डोळे सुजून उठला. शेजारी म्हणाले, किडा चावला असेल. दुपारी सूज उतरली, दुसऱ्या सकाळी परत. पंधरा दिवस डोळ्यांत थेंब घातले. मग पोट फुगलं, चड्डीचं इलॅस्टिक रुतायला लागलं, तेव्हा कुठे कुणीतरी लघवी तपासायला सांगितलं. सकाळी डोळे सुजलेल्या मुलाची सगळ्यात आधी करायची ती ही साधी तपासणी. इथे ती सगळ्यात शेवटी झाली, आणि असं होणारं हे एकच घर नाही.

आजाराचं नाव नेफ्रोटिक सिंड्रोम. किडनीची गाळणी सैल पडते, रक्तातलं प्रथिन लघवीवाटे निघून जातं आणि अंगावर पाणी चढतं. डॉक्टर मॅडमनी आईला एक काचेची नळी दिली आणि एक औषध. नळीत सकाळची लघवी घ्यायची, वरून थेंब टाकायचे. गढूळ झाली की एक अधिक. दह्यासारखी थिजली की चार. आईने हे एका दुपारी शिकून घेतलं, वही त्याच दिवसापासूनची.

दहातल्या आठ-नऊ मुलांना स्टिरॉइड लागू पडतं. हा उरलेल्यांतला. बायोप्सी झाली, वेगवेगळी औषधं झाली. सात वर्षांचा होईपर्यंत दोन्ही किडन्या थांबल्या.

(पडद्यावर: भिंतीतला लोखंडी हुक. आता त्याला दप्तर लटकतंय.)

या हुकाला डायलिसिसची पिशवी असायची. पोटात एक बारीक नळी बसवलेली. पिशवीतलं पाणी तिच्यातून पोटात सोडायचं, चार तास ठेवायचं, काढून टाकायचं. दिवसातून चारदा. प्रत्येक वेळी दार लावायचं, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुवायचे, कारण पोटात जंतू गेला तर सगळंच मुसळ केरात. एप्रिलमधलं सोलापूर आणि बंद पंखा, हे ज्याचं त्यालाच माहीत. बाहेर काढलेली पिशवी भाजीवाल्याकडे असतो तसल्या हुकाच्या काट्यावर तोलायची. किती आत गेलं, किती बाहेर आलं, वहीत दोन रकाने.

तिसरा रकाना प्यायच्या पाण्याचा. दिवसाला ४०० मिली. दूध, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण. बटाटा चिरून, उकडून, पाणी फेकून मगच भाजीत. केळं बंद, नारळपाणी बंद, कारण त्यांत पोटॅशियम, आणि थांबलेली किडनी ते बाहेर टाकत नाही. दारात डाळिंबं लगडलेली, तीही बंद. एकदा तो बागेतल्या ठिबकच्या नळीला तोंड लावून बसलेला सापडला. आईने मारलं नाही. संध्याकाळच्या आमटीतून तेवढं वजा केलं.

(पडद्यावर: रुग्णालयाचा जिना, फायलींचा गठ्ठा.)

किडनी कुणाची? वडिलांचा रक्तगट जुळला नाही. आजी पुढे आली. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, तिने आजी-आजोबाही जवळच्या नात्यात धरले. पण आजीला मधुमेह निघाला. मेंदू मृत झालेल्या दात्याची वाट पाहायची तर अवयव वाटप करणाऱ्या विभागीय समितीच्या यादीत नाव घालून थांबायचं. राहिली आई. हिंदुस्थानात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त. कारण शोधायला फार लांब जायला नको.

ऑपरेशनच्या आधी गोवर आणि कांजिण्यांच्या लसी उरकून घेतल्या. प्रत्यारोपणानंतर जिवंत विषाणूची लस टोचता येत नाही. महात्मा जोतिराव फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. फाइल त्यातच बसली.

(पडद्यावर: शस्त्रक्रियागृह. आवाज फक्त मॉनिटरचा.)

शेजारच्या खोलीत आई आहे. तिथलं चित्रीकरण नाही, आमच्याकडे कॅमेरा एकच होता.

मुलगा नऊ वर्षांचा, वजन १७ किलो. या वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त जेमतेम दीड लिटर. बसवायची आहे ती मोठ्या बाईची किडनी, तिला रक्त लागतं मोठ्या माणसाइतकं. म्हणून भूल देणाऱ्या मॅडम आधीपासून सलाइन चढवतायत, रक्तदाब मुद्दाम वर ठेवतायत. किडनी आली ती बर्फात, गार द्रावणाने धुतलेली, राखाडी. मुलाच्या जुन्या किडन्या जागेवरच राहतील. नवी जाईल उजव्या ओटीपोटात, तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडून.

आता चिमटे सुटतील. पाहा.

(दहा सेकंद निवेदन नाही. किडनी गुलाबी होते. मूत्रनलिकेतून धार उडते.)

टेबलाभोवती कुणीतरी हसलं. ते आवाजात आलंय, आम्ही कापलं नाही.

(पडद्यावर: वॉर्ड. स्टीलचा तांब्या.)

तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, "पाणी पी. अडीच लिटर." मुलाने आईकडे पाहिलं. आई दुसऱ्या खाटेवर, टाके सांभाळत उशाशी टेकलेली. तिने मान हलवली. त्याने एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. "आई, लिहिलंस का?"

(पडद्यावर: पहाटेचं दादर स्टेशन, सिद्धेश्वर एक्स्प्रेस.)

प्रत्यारोपणाला आता आठ महिने झाले. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा होती ती तपासणीची फेरी आता महिन्यातून एकदा. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, बारा तासांच्या अंतराने. रक्तातली पातळी बघायची तर रक्त गोळीच्या आधी द्यावं लागतं. म्हणून गोळी आईच्या पदराच्या गाठीत. रांग लांबली की ती घड्याळ बघते, मग गाठ, मग परत घड्याळ. पातळी कमी भरली तर शरीर किडनी नाकारणार, जास्त भरली तर औषधच किडनीला बाधणार. पपनस आणि ग्रेपफ्रूट खायचं नाही, त्याने पातळी चढते. पाणीपुरी नाही. घरी लघवीची तपासणी अजून रोज, कारण जुना आजार नव्या किडनीतही उलटू शकतो. ही किडनी जन्मभर पुरणार नाही. दहा-पंधरा वर्षं, नीट सांभाळली तर आणखी काही. औषधं मात्र कायमची.

(पडद्यावर: वहीचं शेवटचं भरलेलं पान.)

नव्या पानांवर अधिकची चिन्हं नाहीत. ग्लास काढलेत, स्केचपेनने, निळे. ते मुलगा स्वतः काढतो. उंचीचाही एक रकाना त्याने आखलाय. वर्गात तो अजून पहिल्याच बाकावर आहे, सहा वर्षांच्या पोराएवढा.

(पडद्यावर: रात्र, दादर. फलाटावरचं घड्याळ.)

नऊ वाजले, आईच्या मोबाइलचा गजर झाला. गोळी, मागून पाणी. गाडीला अजून वेळ आहे. बाटली रिकामी झाली म्हणून बाबा नळाकडे न जाता स्टॉलकडे गेलेत, सीलबंद बाटली आणायला. मुलगा वहीत निळा ग्लास रंगवतोय. अर्धाच रंगवलाय.