कणकुंबीचं पाणी आणि दोनशे बारचं सील

(व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात करण्याआधी पुढच्या रांगेत एक वस्तू देतो. ही रबरी रिंग. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांनी ओ-रिंग म्हणा. जोडातून तेल-पाणी गळू नये म्हणून बसवायचं सील ते हेच. बघा, दाबून बघा, शेजाऱ्याला द्या. फिरून माझ्याकडे आली की मी बोलणं थांबवीन.

बेळगावात समुद्रावर व्याख्यान ठेवलं म्हणून दोघातिघांनी माझी थट्टा केली. आपल्या स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, साडेसातशे मीटरच्या आसपास. समुद्राशी आपला संबंध तेवढाच, आणि दुसरा म्हणजे बाजारात बांगडा आला की नाही, हा. पण देशाच्या समुद्राची खबर ठेवणारं केंद्र, इन्कॉइस, ते कुठे आहे? हैदराबादेत. तिथंही समुद्र नाही. तेव्हा आपण लाजायचं कारण नाही.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्या तालुक्याची एक गंमत आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि आंध्रातून बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यात म्हादई उगम पावते, ती घाट उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. म्हादईच्या पाणीवाटपाच्या तंट्यात मी पडत नाही, त्याला वकील पुरेसे आहेत. मला सांगायचंय ते वेगळं. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत जातो, आणि ते दोन समुद्र अजिबात सारखे नाहीत. अरबी समुद्राच्या किलोभर पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ निघतं. बंगालच्या उपसागराच्या उत्तरेकडे पावसाळ्यानंतर ते ३०, कधी त्याहूनही खाली येतं, कारण गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या मोठ्या नद्या तिकडे रिकाम्या होतात. गोडं पाणी हलकं, ते साय धरल्यासारखं वर राहतं. वारा सुटला तरी खालचं गार पाणी सहज वर येत नाही, ऊन वरच्या थरातच मुरतं, आणि चक्रीवादळाला आयतं सरपण मिळतं. म्हणून पाण्यातलं मीठ मोजायचं. चवीसाठी नाही.

मोजायचं कसं? आयटीआय करून मी उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या एका वर्कशॉपात फिटर म्हणून लागलो, आणि पुढे समुद्रात सोडायची यंत्रं जुळवण्याच्या कामाला गेलो. तिथं पहिल्यांदा आर्गो फ्लोट उघडलेला पाहिला आणि मला हसूच आलं. अहो, हा तर आपला पॉवरपॅक, तेल दाबानं ढकलणारा!

माणसाच्या उंचीचा एक नळकांडा. त्याला पंखा नाही, सुकाणू नाही. आत थोडं तेल, एक पंप आणि बाहेरच्या बाजूला रबरी पिशवी. पंपानं तेल पिशवीत ढकललं की पिशवी फुगते. वजन तेवढंच, पण आकार वाढला, म्हणून यंत्र वर येतं. तेल आत ओढलं की खाली जातं. हजार मीटरवर जाऊन ते प्रवाहाबरोबर नऊएक दिवस वाहत राहतं, मग दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि वर येता येता तापमान, क्षारता म्हणजे मिठाचं प्रमाण, आणि दाब टिपत येतं. वर आलं की उपग्रहाला निरोप देतं आणि परत खाली. दहा दिवसांचा हा फेरा चार-पाच वर्षं चालतो, बॅटरी संपेपर्यंत. अशी जवळपास चार हजार यंत्रं आज जगभरच्या समुद्रांत आहेत. निरोप द्यायला वर का यावं लागतं? कारण रेडिओलहरी पाण्यात शिरल्या की लगेच मरतात. खाली चालतो तो आवाज, सेकंदाला दीड किलोमीटर.

आता दाब. दोन हजार मीटरवर तो दोनशे बार होतो. म्हणजे नखाएवढ्या जागेवर साखरेची चार पोती. उद्यमबागेत आम्ही सिलिंडर दोनशे बारवर टेस्ट करायचो, मला त्याचं अप्रूप नव्हतं. फरक एवढाच, की तिथे दाब आतून बाहेर पडायला बघतो आणि इथे समुद्र बाहेरून आत घुसायला बघतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत तयार होत असलेल्या ‘मत्स्य ६०००’मध्ये तीन माणसं सहा हजार मीटर खाली जायची आहेत, टायटॅनियमच्या जेमतेम सव्वादोन मीटरच्या गोळ्यात बसून. तिथं सहाशे बार! माझ्या मनात मात्र पहिला प्रश्न येतो तो दरवाजाच्या सीलचा. फिटर तो फिटरच.

एक कबुली देतो. किनाऱ्याजवळ ठेवायचं एक तापमान मोजणारं यंत्र मी स्वतः बंद केलं होतं. तीन महिन्यांनी वर काढलं, झाकण उघडलं आणि आतून पाणी आलं. सर्किट हिरवं पडलं होतं. भिंग लावून बघितलं तर ओ-रिंगखाली कॉटन वेस्टचा एक धागा. ज्या चिंधीनं मी खाच पुसली तिचाच. वर्कशॉपातला आमचा मेस्त्री म्हणायचा, ‘‘आधी हात बघ, मग सील धर.’’ समुद्रानं मला ते तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन शिकवलं.

पण बुडालेलं यंत्र परवडलं, निदान ते गप्प बसतं. बिघडलेलं यंत्र बोलत राहतं! क्षारता मोजतात ती पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून. त्यासाठी बोटाएवढी काचेची नळी असते. तिच्या आत शेवाळाचा पातळ थर बसला की नळी अरुंद होते, वीज कमी वाहते आणि पाणी आहे त्यापेक्षा गोडं दिसतं. आणि कागदावर मात्र नदीला पूर आल्याचं निघतं!

इथे मॉडेल येतं. मॉडेल म्हणजे समुद्राचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात उष्णता, मीठ, प्रवाह यांचं गणित पुढे पुढे चालवायचं. पाव अंशाचा चौकोन घेतला तर त्याची बाजू सत्तावीसेक किलोमीटर, म्हणजे बेळगाव ते खानापूर. एवढ्या टापूला एकच आकडा! कणकुंबीला धो धो कोसळतोय आणि इकडे नुसती भुरभुर, हे त्या चौकोनाला कळणार नाही. चौकोन लहान करावेत, तर संगणकाचं काम कैक पटींनी वाढतं.

मग मॉडेल आणि मोजमाप यांचा मेळ घालायचा. आपल्याकडे कारखान्याचा फिल्डमन उसात उभा राहून सांगतो, एकरी चाळीस टन. काट्यावर भरतो पस्तीस. आता कोणाचं खरं? फिल्डमनचा अंदाज चुकला, की काटा मारला? (हशा) तुम्ही हसताय, पण तिकडच्या शास्त्रज्ञांचं निम्मं आयुष्य यातच जातं. प्रत्येक फ्लोटचा आकडा आजूबाजूच्या फ्लोटांशी आणि जुन्या नोंदींशी ताडून बघतात. काट्यावर भरवसा किती आणि अंदाजावर किती हे ठरवतात, मग मॉडेलला तेवढंच सरकवतात. दहा दिवसांनी पुन्हा नवा काटा.

त्सुनामीत एवढी सवड नसते. २६ डिसेंबर २००४ला आपल्याकडे इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. २००७मध्ये हैदराबादला, इन्कॉइसमध्येच, त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र सुरू झालं. तिथं भूकंप इथं झाला तर, तिथं झाला तर, अशी गणितं आधीच करून ठेवलेली असतात. समुद्राच्या तळाशी ठेवलेली यंत्रं पाण्याच्या दाबातला बारीक फरक पकडतात आणि लाट खरोखर निघाली का ते सांगतात. तीही सीलच्याच भरवशावर बसलेली.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय, ‘संपलेले फ्लोट परत आणतात का?’ बहुतेक नाही. जहाज पाठवायचा खर्च यंत्राहून जास्त होतो. बरेचसे तळाशी जातात. मला ते आवडत नाही, पण खरं तेच आहे.

रिंग आली का? द्या इकडे. बघा, काय झालंय तिचं. बोटांचं तेल, कुणाच्या तरी कपाळाची हळद, आणि हा लोकरीचा धागा, स्वेटरचा असणार. शंभर हात फिरून आलीय. ही आता मी समुद्रात घालणार नाही. नळाला बसवतो घरी.