सोनं राहिलं, पारा उडाला

[तबकडी, अगदी जवळून]

हे नेपोलियनच्या काळातलं पॅरिसचं घड्याळ. पांढरा मीना, काळे रोमन आकडे, चावीची दोन भोकं. एक चालीचं, दुसरं ठोक्यांचं. बाराच्या वर एक बारीकशी खुंटी आहे, ती पटकन लक्षात येत नाही. आत लंबक टांगलाय तो रेशमाच्या दोऱ्यावर. खुंटी फिरवली की दोरा गुंडाळला जातो, लंबक आखूड होतो आणि घड्याळ जलद चालू लागतं. पण हवा दमट झाली की रेशीम ओल धरतं आणि वेळेचा नेम राहत नाही.

तबकडीवर दोन नावं आहेत. ‘राव्रियो, ब्रॉन्झकार, पॅरिस’ आणि ‘मेनिल, घड्याळजी’. नेपोलियनच्या काळात शेकोटीच्या वरच्या फळीवर मांडायच्या अशा घड्याळांत मान होता तो आधी ब्रॉन्झकाराचा!

[सोनेरी मूर्ती, कॅमेरा कपड्याच्या चुण्यांवरून सरकतो]

घड्याळावरच्या मूर्तीचा शिल्पकार नमुना करायचा, ओतारी ब्रॉन्झ ओतायचा, छिन्नीवाला केसाची एकेक बट उठवायचा. मग वस्तू जायची मुलामेवाल्याकडे.

मुलामा म्हटलं की आपल्याला वरवरचं, नकली काहीतरी वाटतं. हा मुलामा मात्र दोनशे वर्षं टिकलाय. सोनं पाऱ्यात कालवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो ब्रॉन्झवर माखायचा आणि वस्तू कोळशाच्या निखाऱ्यांवर धरायची. पारा उडून जातो, सोनं धातूला धरून राहतं. तेव्हा ते मळकट दिसतं. अकीकाच्या दगडाने घोटलं की लखलखतं. कुठे घोटायचं आणि कुठे मंद ठेवायचं, खरं कसब त्यात.

उडालेला पारा जायचा भट्टीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत. हात थरथरू लागायचे, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे.

आंत्वान-आंद्रे राव्रियोचा जन्म १७५९चा. तो नेपोलियनच्या महालांना ब्रॉन्झ पुरवायचा आणि हौसेने नाटुकली लिहायचा. त्याचा पैसा याच भट्ट्यांवर उभा होता, आणि त्याला ते ठाऊक होतं. १८१४ मध्ये तो वारला. मृत्युपत्रात त्याने ३,००० फ्रँक ठेवले होते: मुलामेवाल्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधेल, त्याच्यासाठी.

[धुराड्याचं रेखाचित्र]

१८१८ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने ते बक्षीस रसायनशास्त्रज्ञ दार्से यांना दिलं. त्यांचा उपाय कुठल्याही चुलीपाशी बसलेल्या माणसाला कळेल असा. धुराड्याला जोडून एक वेगळी आग पेटती ठेवायची. तापलेली हवा वर चढते आणि जाताना भट्टीवरची वाफ सोबत ओढून नेते. कारागिराची जागा तीच, निखारे तेच. वाफ मात्र त्याच्या तोंडावर न येता धुराड्यात शिरते.