एकच पत्र, दोन पाकिटं

मंडळी, मला विषय दिलाय 'सरकारी शिक्षक आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य'. समोर पाहतो तर निम्मं सभागृह रिटायर मास्तरांचं. म्हणजे ज्यांना आता बोलायची भीती उरली नाही, तेच ऐकायला आलेत. नोकरीतले घरी बसलेत, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

वकिली धरण्याआधी मी इंदूरपासून तासाभरावरच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवायचो. वर्गाचं छत गळायचं. मधोमध बादली, भोवती भिंतीला चिकटून पोरं, आणि थेंबांच्या ठेक्यावर माझे पाढे. तीन अर्ज केले, तिन्ही 'उचित माध्यमातून', म्हणजे प्राचार्यांच्या मार्फत. आवक क्रमांक मिळाले, उत्तर नाही. मग वर्तमानपत्रात संपादकांच्या नावे पाच ओळी धाडल्या. छापून आल्या आणि आठव्या दिवशी खाकी पाकीट हातात: 'क्यों न आपके विरुद्ध अनुशासनात्मक कार्यवाही की जाए?' छताबद्दल त्यात अक्षर नव्हतं. विचारलं होतं एवढंच, की छापायला देण्याआधी परवानगी घेतली होती का.

पुढं कायदा शिकताना कळलं, आपला एक भाऊबंद अमेरिकेत होता. इलिनॉयमधला शिक्षक मार्विन पिकरिंग. शाळांसाठी उभारलेला पैसा शिक्षण मंडळ कसा वापरतं, खेळांवर किती घालतं, यावर त्यानं गावच्या वर्तमानपत्रात खरमरीत पत्र लिहिलं. नोकरी गेली. १९६८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. पत्रातल्या काही गोष्टी चुकीच्या होत्या, तरीही. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांचं म्हणणं असं, की शाळेचा पैसा हा सगळ्या गावाचा विषय, आणि त्यावर जाणतं मत शिक्षकाशिवाय कोण देणार? जाणूनबुजून किंवा बेफिकिरीनं खोटं लिहिल्याचा पुरावा नसेल, तर त्यावरून काढता येणार नाही.

पण २००६ साली त्याच कोर्टानं वेगळी रेघ ओढली. लॉस एंजेलिसमधल्या एका सरकारी वकिलानं पोलिसांच्या शपथपत्रात गफलत आहे असं वरिष्ठांना लेखी कळवलं. पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं, की नोकरीचं काम म्हणून लिहिलेलं ते नागरिकाचं बोलणं नव्हे; त्याला घटनेचं कवच नाही.

आता गंमत बघा. तिथं मास्तरानं पत्र वर्तमानपत्राला धाडलं तर घटना पाठीशी उभी राहण्याची शक्यता. तेच पत्र कामाचा भाग म्हणून साहेबाला दिलं तर नाही. आपल्याकडे बरोबर उलटं. साहेबाला लिहा, फार तर फाईल धूळ खाईल. वर्तमानपत्राला लिहा, की नोटीस.

याचं मूळ सरकारी नोकरांच्या आचरण नियमांत आहे. केंद्राचे १९६४ चे, आणि त्याच घडणीचे आपल्या मध्य प्रदेशचे १९६५ चे. सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका होईल असं 'तथ्य किंवा मत' मांडायचं नाही. मत राहू द्या हो, तथ्यसुद्धा! टोपणनावानं लिहूनही सुटका नाही.

याच नियमांतली राजकारणावरची बंदी मात्र मला पटते. शिक्षण हक्क कायद्यानं मास्तरांची शाळाबाह्य कामं बंद केली, पण जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक शिल्लक ठेवली. आज बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, म्हणून मतदारयादी घेऊन दार वाजवणारा माणूस उद्या झेंडा घेऊन त्याच दारात आला, तर त्या यादीवर कोण विश्वास ठेवील?

पण छत गळतं हे सांगणं राजकारण नव्हे. आपल्या घटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर बंधनं घालण्याची कारणं मोजून दिलीत: सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. 'साहेबांची अडचण' त्यात नाही. कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ साली आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की सरकारी नोकरीत शिरताना माणूस मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही. बिहारचा सरसकट निदर्शनबंदीचा नियम तिथं कोसळला. संपावरची बंदी टिकली. २०२० मध्ये त्रिपुरा हायकोर्टानं फेसबुक पोस्टवरून निवृत्तीच्या तोंडावर निलंबित झालेल्या एका कर्मचारी बाईंवरची चौकशी रद्द केली.

म्हणजे कोर्टात जिंकता येतं. पण मास्तर कोर्टापर्यंत पोचतो कुठे? निलंबन ही कागदोपत्री शिक्षाच नव्हे. हातात निर्वाह भत्ता म्हणून जवळपास निम्मा पगार येतो, आणि गल्लीत लोक विचारतात, 'सर, आज शाळा नाही?' २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, तीन महिन्यांत आरोपपत्र दिलं नाही तर निलंबन लांबवू नये. हा निकाल पाकिटात घालून ठेवा.

माझ्या नोटिशीला मी उत्तर दिलं: परवानगी घेतली नव्हती, छत अजून गळतंय. इशारा देऊन सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात पत्रे बदलले, का ते कुणी लेखी सांगितलं नाही.

आता प्रश्न विचारा. नोकरीत असलेलं कुणी चुकून आलं असेल, तर चिठ्ठी पुढं पाठवा. नाव नको.