मार्टिनी-हेन्रीच्या मागावर: काठमांडूचा शिलेखाना आणि गहेंद्र रायफल

अफगाणिस्तानच्या बाजारात मार्टिनी-हेन्री म्हणून अशी रायफल हमखास दिसायची. उजव्या बाजूला चापाच्या वर ब्रिटिश राजमुकुट, त्याखाली व्ही आर ही व्हिक्टोरिया राणीची अक्षरं, मग एनफिल्ड, मग साल १९०५. लाकूड काळवंडलेलं, पितळेवर हिरवट थर, म्हणजे बघताक्षणी वाटावं की अस्सल जुना माल. घोळ एवढाच की व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली. १९०५ ला गादीवर तिचा मुलगा होता, सातवा एडवर्ड, आणि एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात तोवर लोक पार वेगळ्या रायफली बनवत होते.

ही रायफल बहुतेक दरा आदमखेलची. पेशावरच्या दक्षिणेला, कोहाटच्या रस्त्यावर हे गाव आहे, आणि तिथले कारागीर शंभरेक वर्षांपासून कानस, हातोडा आणि भट्टी एवढ्यावर जगातली कुठलीही बंदूक उतरवून देतात. बंदूक हुबेहूब येते पण शिक्के फसतात, कारण ठोकणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसायचं, त्याच्यासाठी ती नक्षीच. मग एन उलटा पडतो, एखादं अक्षर गळतं, साल कुठलंही लागतं. २००१ नंतर अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिक अफगाणिस्तानात आले आणि तिथल्या दुकानदारांना नवीन गिऱ्हाईक मिळालं. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक कायद्याने अँटिक धरतात, म्हणून बाजारात दिसणाऱ्या साल ठोकलेल्या रायफलींमधे १८७० आणि १८८० च्या दशकातली सालं जरा जास्तच सापडायला लागली तर नवल नाही. काही लोक आता मुद्दाम या नकलाच गोळा करतात, आणि मला तर त्यांचं पटतं, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नुसत्या कानशीवर उभी केलेली रायफल, तिला खोटी म्हणून फेकून कसं देणार.

पण आपला विषय अस्सलचा आहे. मार्टिनी-हेन्री १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्यात आली. आतली यंत्रणा फ्रेडरिक फॉन मार्टिनी या स्विस इंजिनिअरची, नळीचे आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, एडिनबरोचा बंदूकवाला अलेक्झांडर हेन्री याचे, म्हणून जोडनाव. काम एकदम सोपं आहे बघा. चापाच्या मागचा लिव्हर खाली ओढला की आतला ठोकळा पुढून झुकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं, अंगठ्याने काडतूस सरकवायचं, लिव्हर वर, आणि बार. परत लिव्हर खाली केला की रिकामं टरफल मागे उडून पडतं. एका वेळी एकच गोळी, पण सराव असलेला शिपाई मिनिटाला दहा-बारा बार काढायचा. गोळी शिशाची, ३१ ग्रॅमची, म्हणजे हातात घेतली तर वजन चांगलं जाणवतं. दारू काळी, त्यामुळे दोन-चार फैरीत समोर धुराची भिंत उभी राहायची, नळी इतकी तापायची की शिपाई पुढच्या भागाला कच्चं कातडं शिवून घ्यायचे, आणि खांदा संध्याकाळपर्यंत निळा.

हिला प्रसिद्धी मिळाली ती दक्षिण आफ्रिकेत. २२ जानेवारी १८७९ ला इसांडल्वाना इथे झुलू सैन्याने ब्रिटिशांचा तळच कापून काढला, ब्रिटिशांच्या बाजूचे तेराशेहून जास्त लोक गेले आणि हजाराच्या आसपास रायफली झुलूंच्या हाती लागल्या. त्याच दिवशी दुपारनंतर रोर्क्स ड्रिफ्टला दीडशेच्या आसपास लोकांनी रात्रभर तग धरला आणि ११ व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. तेव्हापासून मार्टिनीच्या मागे लागलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात एकच स्वप्न असतं, या दोन्ही ठिकाणी लढलेल्या चोविसाव्या रेजिमेंटची रायफल.

आपल्याकडच्या माणसाला मात्र दुसरी लढाई जवळची वाटायला हवी, तिचं नाव मैवंद. २७ जुलै १८८०, कंदाहारच्या पश्चिमेला. ब्रिगेडियर जनरल बरोज यांच्या हाताखाली बॉम्बे आर्मीची ब्रिगेड होती, त्यात १ली बॉम्बे ग्रेनेडियर्स, ३०वी बॉम्बे म्हणजे जेकब्स रायफल्स, आणि बॉम्बे सॅपर्सची तुकडी, ज्यांचं केंद्र आजही पुण्यात खडकीला आहे. सोबत गोऱ्यांची ६६वी रेजिमेंट. समोर अफगाण सेनापती अयूब खानाचं कितीतरी मोठं सैन्य. आता गंमत म्हणा किंवा चीड आणणारी गोष्ट म्हणा, ६६व्या रेजिमेंटकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि हिंदी पलटणींकडे त्याआधीच्या पिढीतली स्नायडर. ही चूक नव्हती, १८५७ नंतरचं ठरवून आखलेलं धोरण होतं, देशी शिपायाच्या हातात कायम एक पिढी मागची बंदूक. स्नायडर तरी काय, तर जुन्या ठासणीच्या एनफिल्डची नळी मागून कापून तिला झाकण बसवलेलं. मैवंदला साडेनऊशेच्या वर माणसं पडली, आणि त्यांच्या बंदुका, मार्टिनी काय आणि स्नायडर काय, अफगाणांकडे गेल्या. त्यातल्या किती त्या भागातल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या टांगून राहिल्या असतील, विचार करा.

मग मैवंदची रायफल शोधून काढता येईल का? इथे शोधणाऱ्याचं डोकं खऱ्या अर्थाने दुखायला लागतं. मार्टिनीच्या दस्त्याच्या मागच्या टोकाला एक लोखंडी पट्टी असते, तिच्यावर रेजिमेंट आणि रॅक नंबर, म्हणजे पलटणीतला त्या बंदुकीचा क्रमांक, ठोकलेला. चोविसावी असो की सहासष्टावी, भाव सगळा त्या पट्टीवर ठरतो, आणि नेमकी ती पट्टीच काढून दुसरी बसवता येते. साध्या दस्त्यावर नवी पट्टी, थोडं ॲसिड, थोडा चहाचा गाळ, झालं काम. म्हणून जुने मुरलेले लोक पट्टीकडे सगळ्यात शेवटी बघतात. आधी बघतात की पट्टीखालचं लाकूड कसं आहे, खाचेची कड धारदार आहे का, लाकडावरचे तपासनीसाचे शिक्के आणि लोखंडावरचे शिक्के एकमेकांना धरून आहेत का. बाण ही ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण, तसे दोन बाण एकमेकांकडे टोक करून ठोकलेले असले तर सरकारने ही रायफल अधिकृतपणे विकून टाकली होती. बाणासोबत आय असला तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची. एवढ्या ठोक्यांवरून रायफलीचा अर्धा प्रवास कळतो, विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट ऐकायची गरजच पडत नाही.

आणि दुर्मिळ म्हणजे नेमकं काय, तर तेही शिक्क्यातच दडलेलं असतं. सैन्याला सगळ्यात आधी दिलेल्या मार्क वन, म्हणजे पहिल्या आवृत्तीमधे सुरुवातीच्या रायफलींना सेफ्टीचा खटका होता. तो लवकरच काढून टाकला, बऱ्याच रायफली परत मागवल्या आणि १८७७ च्या मार्क टू प्रमाणे दुरुस्त करून परत वाटल्या. त्यामुळे मार्क टू ढिगाने मिळते, पण हात न लागलेली, खटका शाबूत असलेली पहिल्या धाटणीची मार्क वन समोर आली की माणूस आधी शंकाच घेतो. बरोबर आहे ना, सरकारनेच पद्धतशीरपणे संपवलेली वस्तू ती.

आता काठमांडूला जाऊ, कारण जुन्या रायफली जमवायच्या या छंदातलं सगळं गणित तिथे उलटं झालं.

नेपाळच्या राजसैन्याने जुन्या शस्त्रांचा साठा लगन शिलेखाना (शिलेखाना म्हणजे शस्त्रागार) नावाच्या जुन्या राजवाड्यात ठेवला होता. राणा राजवटीने, म्हणजे नेपाळच्या पिढीजात पंतप्रधानांच्या घराण्याने, काहीच टाकलं नव्हतं हो, ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या ब्राउन बेस मस्केटी, कंपनीच्या हृदयाच्या आकाराच्या छापासकट, दोन आट्यांच्या ब्रन्सविक रायफली ज्यात पट्टा असलेली गोळी घालायची, १८५३ च्या एनफिल्ड, स्नायडर, मार्टिनी, पितळी तोफा, सगळं थप्प्यांनी एकावर एक. ख्रिश्चन क्रॅनमर नावाचा जुन्या शस्त्रांचा व्यापारी १९७० च्या दशकापासून या कोठाराच्या मागे होता. इतकी वर्षं! शेवटी २००३ मध्ये त्याची इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि अटलांटा कटलरी या दोन कंपन्यांनी मिळून अख्खा साठा विकत घेतला, ५० हजारांच्या वर बंदुका. तेव्हा नेपाळात माओवादी बंड जोरात होतं, दोनच वर्षांपूर्वी राजवाड्यात हत्याकांड झालेलं, सैन्याला जुन्या लोखंडाचं कौतुक करायला वेळ कुठला.

मला स्वतःला हा सौदा अजून नीट पचत नाही. काठमांडूच्या छाउनी भागात नेपाळचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तेही मूळचं शिलेखानाच, तिथे शस्त्रं बघायला मिळतात, पण एका देशाचं शतकभराचं लष्करी सामान घाऊक भावाने समुद्रापार जातं तेव्हा कुठली पलटण कुठल्या बंदुका वापरत होती, कुठल्या थप्पीत काय होतं ही सगळी मांडणी मोडते. वस्तू वाचली, तिची जागा गेली. दुसरी बाजूही आहे, त्या जुन्या कोठारात अजून पन्नास वर्षांत त्यांचं गंजाचं भुसकट झालं असतं.

तर अमेरिकेत रायफली पोचल्या. दोन प्रकारे विकायच्या, एक साफ करून, दुसरी जशी सापडली तशी, म्हणजे शतकभराचं घट्ट झालेलं ग्रीस आणि माती सकट. थोडे पैसे जास्त दिले तर कंपनी त्यातल्या त्यात बरी निवडून द्यायची. लोक दुसरी घ्यायचे, गॅरेजमधे बसून आठवडेच्या आठवडे केरोसीनने पुसायचे आणि मग हळूहळू थराखालून शिक्के वर यायचे. ज्या मार्टिनीसाठी आधी लिलावांवर डोळे लावून बसावं लागायचं ती आता घरपोच मिळायला लागली.

आणि त्या ढिगात एक अशी रायफल निघाली जिच्याबद्दल पाश्चात्य जगात फार थोड्यांना माहिती होती. गहेंद्र. बाहेरून मार्टिनीच वाटते, तोच लिव्हर, तोच ठोकळा. पण खोलली की आत वेगळाच कारभार, मार्टिनीत गुंडाळीची स्प्रिंग असते, इथे वेस्टली रिचर्ड्सच्या सुधारित रचनेवरून घेतलेली चपटी पट्टीची स्प्रिंग. पंतप्रधान वीर शमशेर यांचा मुलगा जनरल गेहेंद्र शमशेर याच्या नावाने ही रायफल ओळखली जाते, त्याला यंत्रांचं आणि शस्त्रांचं विलक्षण वेड होतं, दोन नळ्यांची हाताने फिरवायची बीरा गनही त्याच्याच खात्यावर. ब्रिटिश नवीन मार्टिनी द्यायला तयार नव्हते तर यांनी डोंगरातल्या कारखान्यांत स्वतःच्या बनवल्या, प्रत्येक भाग हाताने घासून त्याच रायफलीला बसवलेला. त्यामुळे एकीचा ठोकळा दुसरीत बसेलच असं नाही. पोलादाचा दर्जाही एकसारखा नाही, म्हणून जाणकार सांगतात की गहेंद्र भिंतीवर ठेवा, तिच्यातून बार काढायच्या भानगडीत पडू नका.

या रायफलींवरचे शिक्के देवनागरीत आहेत. टेक्सास किंवा ओहायोतला माणूस भिंग घेऊन, तक्ता समोर ठेवून एकेक आकडा जुळवत बसतो आणि नगर किंवा साताऱ्याहून तिकडे गेलेला कुणी आयटीवाला ते सहज वाचून टाकेल. जुन्या नेपाळी वळणाचे ५, ८, ९ आपल्यापेक्षा जरा वेगळे असतात, अ आणि ण सुद्धा, पण दहा मिनिटांत डोळा बसतो. कुठे पलटणीचं नाव, कुठे रॅकचा नंबर, कधी साल. साल विक्रम संवतातलं, त्यातून ५७ वजा करायचे. म्हणजे नळीवर १९४५ दिसलं तर ती महायुद्धातली नाही, १८८८ च्या आसपासची आहे! हे माहीत नसलं तर माणूस हातातला खजिना बाजूला ठेवून देईल.

पुढे काय झालं, तर सुरुवातीला भाव पडले, ज्यांनी आधी महागात घेतलेल्या होत्या ते चरफडले, मग वर्षागणिक चांगला माल संपत गेला आणि भाव परत चढले. दुर्मिळ हा वस्तूचा गुण नाहीच, कुठलं कुलूप कधी उघडतं त्यावर सगळं असतं. गहेंद्र २००२ मध्ये कुणी शोधतही नव्हतं कारण ती आहे हेच ठाऊक नव्हतं.

आता इथले लोक विचारणार, आपल्याला घेता येईल का. १८९८ ची सूट अमेरिकेची, भारतात ती चालत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून किंमत असलेल्या शस्त्रांना सवलत आहे पण अट अशी की दुरुस्ती करूनही त्यातून गोळी सुटता कामा नये. चालू स्थितीतली असेल तर ती लायसन्सचीच बंदूक, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच. शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो, देशाबाहेर पाठवता येत नाही. बाहेरून मागवायचा तर विचारच सोडा. त्यामुळे इथला हौशी माणूस पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी काचेबाहेरून बघतो, नाहीतर गावच्या वाड्यात आजोबांची ठासणीची बंदूक निघते तेव्हा जागा होतो. तशी निघाली तर आधी पोलीस ठाण्यात विचारा, कागद आहेत का बघा, आणि चमकवायच्या नादात पॉलिश पेपर मारू नका, ती कुठली आणि कुणाची हे सांगणारे शिक्के पहिल्या दोन हातांतच घासून जातात.