श्रीखंडाच्या डब्यातल्या गोळ्या

(दृश्य: फळीवर उघडा प्लास्टिकचा डबा. सुरकुतलेला हात एकेक स्ट्रिप बाहेर काढतोय.)

डबा श्रीखंडाचा. आत बीपीच्या, पित्ताच्या, गुडघ्याच्या गोळ्या. कराडच्या घरात तो देव्हाऱ्याखालच्या फळीवर असतो. आंघोळ, पूजा, गोळ्या, मग चहा. माझ्या आईचा हा क्रम कधी चुकत नाही, आणि घोळ नेमका तिथेच झाला.

बीपीसाठी आमचे नेहमीचे डॉक्टर तिला एक गोळी देत होते. गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्याला नेलं, तिथून बीपीचीच दुसरी लिहून मिळाली. आई दोन्ही घेत राहिली. पहिली बंद करा, असं तिला कोणी म्हणालंच नव्हतं. दोन महिन्यांत पाय सुजले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतून पावलावर वळ उठायचा. सुजेसाठी तिसऱ्या डॉक्टरांकडून लघवी होण्याची गोळी आली. मग रात्रीचं तीन-तीनदा उठणं, आणि एकदा भोवळ येऊन दाराच्या चौकटीला धरून खाली बसणं.

(दृश्य: भिंगाखाली स्ट्रिपची मागची बाजू.)

दोन्ही स्ट्रिपवरची ब्रँडची नावं एकमेकांशी नातं न सांगणारी. मागची ओळ वाचली, तेव्हा कळलं. पहिलीत अ‍ॅम्लोडिपिन, 5 मिलिग्रॅम. दुसरीत टेल्मिसार्टन 40, आणि त्याला जोडून पुन्हा अ‍ॅम्लोडिपिन 5. आई नकळत रोज दहा मिलिग्रॅम घेत होती. पायांवर सूज हा अ‍ॅम्लोडिपिनचा जुनाच, ओळखीचा दुष्परिणाम आहे. डोस वाढला की सुजेची शक्यताही वाढते. म्हणजे आम्ही गोळीने आणलेल्या सुजेवर आणखी एक गोळी देत होतो!

परस्पर काही बंद केलं नाही. बीपीची गोळी मनाने सोडणं हा वेगळाच धोका. डबा तसाच पिशवीत घातला आणि नेहमीच्या डॉक्टरांच्या टेबलावर रिकामा केला. त्यांनी सुटी अ‍ॅम्लोडिपिन थांबवली. सूज उतरल्यावर लघवीचीही.

पॅरासिटामॉलचंही असंच होतं. तापाची गोळी, सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी, आणि कितीदा तरी तिन्हींत तेच. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅमची मर्यादा, त्यापुढे यकृताला धोका. 650 च्या सहा गोळ्यांतच 3.9 ग्रॅम भरतात.

(दृश्य: मेडिकलचा काउंटर. बिल फाटतं.)

आता पैशांचं. तेही त्याच ओळीत आहे. मेडिकलवाला सहज म्हणतो, ‘काकू, कंटेंट तोच, कंपनी वेगळी.’ खरं तर चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल, तर दुकानदाराने आपल्या मनाने दुसरं औषध देऊ नये, असा नियम आहे. म्हणून विचारायचं ते डॉक्टरांना: ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का? ते लिहिलेलं असलं की सरकारच्या जनऔषधी केंद्रात जाता येतं. ही योजना 2008 ची. तिथली औषधं ब्रँडपेक्षा 50 ते 80 टक्के स्वस्त असल्याचं सरकार सांगतं. स्वस्त म्हणजे हलकं, ही शंका आईलाही होती. तिथे येणाऱ्या प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी होते, हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘बघू महिनाभर.’ महिनाभर घरी रोज बीपी मोजलं. आकडे पाहिले, मग ती बधली.

बाकी किमतींचा हिशेब सरळ नाही. 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 384 औषधं आहेत, त्यांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते. दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या बऱ्याच गोळ्या या यादीबाहेर, आणि यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनीला वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येते. अ‍ॅम्लोडिपिन यादीत आहे, टेल्मिसार्टनही आहे. दोन्हींची जोडगोळी नाही.

औषधाने त्रास झाला, तर आधी डॉक्टर. पण तो त्रास कुठेतरी नोंदलाही जायला हवा. त्यासाठी टोल फ्री नंबर आहे: 1800-180-3024. फोन रुग्णानेही करायचा असतो, हे आम्हाला कुठे माहीत होतं!

(दृश्य: कात्री स्ट्रिपवर येते आणि थांबते.)

पित्ताच्या पाचच गोळ्या हव्या होत्या. कात्री उचललेल्या, दुकानातल्या मुलाला आईने थांबवलं.
‘अरे बाळा, तारखेकडच्या दे.’
त्याने तारखेच्या बाजूच्या पाच कापून दिल्या. उरलेल्या पाच, कोऱ्या पाठीच्या, पुन्हा खोक्यात टाकल्या. पुढच्या गिऱ्हाईकासाठी.