थेल्मा रिटर यांच्या छोट्या भूमिका

श्रोतेहो, नमस्कार. १९४७ साली प्रदर्शित झालेल्या 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' या अमेरिकी चित्रपटात, मुलासाठी एक खेळणे शोधत दुकाने पालथी घालून थकलेली एक आई क्षणभर दिसते. ते खेळणे दुसऱ्या दुकानात मिळेल, असे खुद्द या दुकानाचा सांताक्लॉज सांगतो, तेव्हा तिचा आपल्या कानांवर विश्वास बसत नाही. श्रेयनामावलीत नावही नसलेल्या या अभिनेत्रीचे नाव थेल्मा रिटर. हा त्यांचा पहिला चित्रपट आणि वय ४५.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९०२ साली जन्मलेल्या थेल्माबाईंनी तरुणपणी रंगभूमीवर काम केले, मग मुलांच्या संगोपनासाठी ते थांबवले आणि पुढे नभोवाणीवरून पुनरागमन केले. त्यांच्या संवादफेकीचे थोडे श्रेय आम्हा नभोवाणीवाल्यांनी घेतले, तर श्रोत्यांनी ते चालवून घ्यावे.

१९५० च्या 'ऑल अबाउट ईव्ह'मध्ये त्या बेट्टी डेव्हिस यांनी रंगवलेल्या बड्या नटीच्या मदतनीस झाल्या. त्या नटीची चाहती म्हणून आलेल्या ईव्हची करुण कहाणी ऐकून सगळे विरघळतात, पण मदतनीस बर्डी मात्र एका खवचट वाक्यात त्या कहाणीतली हवा काढून घेते. उत्तरार्धात ही बर्डी पडद्यावरून चक्क नाहीशी होते, आणि एवढ्या रेखीव पटकथेतली ही उणीव मला आजही खटकते.

त्यांची सर्वोत्तम भूमिका मात्र सॅम्युअल फुलर दिग्दर्शित 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' या १९५३ च्या चित्रपटातली. मो ही म्हातारी रस्त्यावर टाय विकते आणि पोलिसांना पाकीटमारांची नावेही विकते. बेवारस म्हणून आपले दफन होऊ नये, स्वतःच्या पैशाने घेतलेली जागा आणि थडग्यावर दगड असावा, यासाठी ती पै पै जमवते. तिने ज्याचे नाव विकले तो पाकीटमारही तिच्यावर डूख धरत नाही, कारण तिचे पोट त्यावर आहे हे तो जाणतो. एका रात्री मारेकरी खोलीत शिरतो, तेव्हा ती किंचाळत नाही किंवा गयावया करत नाही. पलंगावर बसून, आपण किती दमलो आहोत, हे ती त्याला सांगत राहते. कॅमेरा ग्रामोफोनकडे वळतो आणि गोळीचा फक्त आवाज ऐकू येतो. तोवरच्या चित्रपटांत विनोदी टोमण्यांसाठी ओळखल्या गेलेल्या या बाईंनी येथे आवाजाची पट्टी जराही चढवलेली नाही.

१९५४ साली हिचकॉक यांच्या 'रिअर विंडो'मध्ये त्यांनी जायबंदी नायकाला मालिश करता करता खडे बोल सुनावणारी परिचारिका रंगवली. या भूमिकेला ऑस्करचे नामांकन मिळाले नाही, हे नवलच. कारण त्याआधी सलग चार वर्षांच्या भूमिकांसाठी सहाय्यक अभिनेत्री म्हणून त्यांना नामांकन मिळाले होते, आणि पुढे 'पिलो टॉक'मधील सदैव झिंगलेल्या मोलकरणीसाठीही मिळाले. एकूण सहा नामांकने झाली, पण पुतळा एकदाही हाती आला नाही. रंगभूमीने मात्र १९५८ साली 'न्यू गर्ल इन टाउन'साठी त्यांना टोनी पुरस्कार दिला, तोही त्याच नाटकातील ग्वेन व्हर्डन यांच्याबरोबर विभागून.

सहावे नामांकन १९६२ च्या 'बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ'साठी होते. फाशीच्या कैदी मुलाला वाचवण्यासाठी थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीपर्यंत धाव घेणारी, पण त्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री येताच त्याच्यावरच उलटणारी आई त्यांनी उभी केली. आयुष्यभर प्रेक्षकांची लाडकी ठरलेल्या थेल्माबाईंनी तिच्यासाठी कणभरही सहानुभूती मागितली नाही. १९६९ साली न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले.