चिठ्ठीचं उत्तर

(दृश्य : लालबाग. संध्याकाळचा दवाखाना. बाकावर दाटीवाटीने बसलेले पेशंट.)

संध्याकाळी लोक कामावरून सुटले की लालबाग-परळच्या फॅमिली डॉक्टरांची ओपीडी भरते. नंबर लावायचा आणि बसून राहायचं. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं डोंबिवली, विरारकडे गेली. त्यांतली काही माणसं अजूनही लोकल पकडून जुन्याच डॉक्टरांकडे येतात.

चांगली प्राथमिक आरोग्यसेवा कशाला म्हणायचं, असं या डॉक्टरांना विचारलं की इमारत आणि मशीन नंतर येतात. आधी विषय निघतो ओळखीचा. वडिलांना कितव्या वर्षी अटॅक आला, घरात कोणाला टीबी होऊन गेला, पेनिसिलिन कोणाला चालत नाही, हे ज्याला तोंडपाठ असतं त्याला पुढचा प्रश्न लगेच सुचतो. अमेरिकेतल्या डॉक्टर बार्बरा स्टारफिल्ड यांनीही प्राथमिक सेवेच्या अभ्यासात पहिल्या भेटीइतकंच वजन सातत्याला, म्हणजे तोच डॉक्टर टिकून राहण्याला, आणि वेगवेगळ्या डॉक्टरांमधल्या समन्वयाला दिलं.

खोकल्याचंच घ्या. दोन आठवडे खोकला थांबला नाही तर थुंकी तपासायला पाठवायची, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. पण पेशंट तीन दिवस एका दवाखान्यात, पाच दिवस दुसरीकडे, मग थेट केमिस्टकडे, असा फिरत राहिला तर प्रत्येकाच्या लेखी खोकला कालपरवाचाच. मग दोन आठवडे मोजणार कोण? २०१२पासून टीबीचा पेशंट सापडला की खासगी डॉक्टरनेही तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. निदानाआधी हातचे गेलेले आठवडे मात्र त्या नोंदीत कुठेच दिसत नाहीत.

पावसाळ्यात वेळेची ओढाताण आणखी वाढते. साचलेल्या पाण्यातून चालत आलात का, पायाला जखम आहे का, एवढं विचारलं तर लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, शंका वेळेत येते. बाहेर रांग असली की नेमके हेच दोन प्रश्न राहून जातात. डॉक्टर हे मोकळेपणाने मान्य करतात, आणि आम्हाला त्यांचं हे बोलणं फार मोलाचं वाटलं.

२०२२पासून पालिकेचे ‘आपला दवाखाना’ सुरू झाले. औषधं आणि तपासण्या फुकट मिळतात, ही गरिबांसाठी मोठी सोय आहे. फॅमिली डॉक्टरांचा प्रश्न वेगळा आहे : पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर तोच डॉक्टर असेल का?

(दृश्य : टेबलावर लेटरहेड. डॉक्टर लिहीत आहेत.)

आता ही चिठ्ठी बघा. पेशंटचं वय, बीपीचे मागचे आकडे, चालू गोळ्या, कशाची शंका आहे, सगळं पाच-सहा ओळींत. पेशंट ती घेऊन मोठ्या रुग्णालयात जातो, केसपेपर काढतो, रांगेत उभा राहतो. तिथे तपासतात, नव्या गोळ्या सुरू करतात. चिठ्ठीचं उत्तर मात्र सहसा येत नाही.

मग जुनी गोळी बंद करायची की दोन्ही घ्यायच्या? पेशंटला सांगता येत नाही. पाय सुजलेत, चक्कर येते, म्हणून एखादे आजोबा परत येतात. डॉक्टर म्हणतात, “घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या.” पिशवी टेबलावर रिकामी होते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिप, आणि मागे बारीक अक्षरात दोन्हींवर अ‍ॅम्लोडिपिनच. बीपीची एकच गोळी आजोबा दोनदा घेत होते. डॉक्टर एक स्ट्रिप बाजूला काढून ठेवतात आणि कागदावर सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने आखून मराठीत लिहून देतात. यात पंधरा मिनिटं जातात. त्या पंधरा मिनिटांचे वेगळे पैसे कोणी लावत नाही, पण प्राथमिक सेवेचा दर्जा आम्हाला तिथेच दिसला.

या डॉक्टरांचं मागणं मोठं नाही. रुग्णालयाने त्याच चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन ओळी लिहून पाठवाव्यात : निदान काय झालं, कोणती गोळी बदलली, पुन्हा कधी दाखवायचं.